दादाची चामडी बांधणीची पुस्तकं

माझ्या थोरल्या भावानं एका माणसाचा जबडा मोडला आणि त्याच आठवड्यात आमच्या घरात पहिलं इंग्रजी पुस्तक आलं.

आम्ही चिंचवड गावात राहायचो. वडील वारलेले. घरात आई, दादा आणि मी. मी पुण्यात मावशीकडे राहून मॅट्रिक झाले होते आणि गावातल्या लोकल बोर्डाच्या शाळेत शिकवत होते. दादा शाळेत टिकला नाही, तालमीत वाढला. स्वातंत्र्यानंतर तो देहूरोडच्या लष्करी डेपोत हमालीला लागला. ही गोष्ट त्यानंतरची, पन्नास साल उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील.

मालगाडीच्या डब्यातून लाकडी पेट्या उतरवत असताना एका पेटीची कड दादाच्या पायावर आली. तो कळवळला. समोरचा हमाल हसला आणि आईवरून काहीतरी बोलला. दादानं त्याला एका ठोशात खाली पाडलं, छातीवर बसला आणि तोंडावर मारत सुटला. माणसं ओढत होती, तरी तो उठेना. ही सगळी हकिकत मला त्यानंच सांगितली आणि सांगताना काही झाकलं नाही.

"हाड मोडल्याचा आवाज मला आला, बाय," तो म्हणाला. "आला, तरी मी मारतच व्हतो."

डेपोचा स्टोअरकीपर म्हणजे गोऱ्या बापाचा आणि इथल्याच आईचा एक म्हातारा. ऑस्ट्रेलियाला मुलीकडे कायमचं जायच्या तयारीत होता. दादा त्याचा लाडका, कारण तीन माणसांचं ओझं तो एकटा उचलायचा. म्हाताऱ्यानं पेटी पडून अपघात झाला असं वर कळवलं. दादाची नोकरी वाचली. ज्याचा जबडा मोडला त्याला मात्र महिनाभर पेज पिऊन राहावं लागलं, आणि परत आला तेव्हा त्याची जागा दुसऱ्याला दिलेली होती. त्याचं तोंड कायमचं डावीकडे वळलं ते वळलंच. त्याच्यावर अन्याय झाला होता, यात शंका नाही. पुढं जे घडलं ते सांगताना मी हे विसरत नाही.

मारामारीच्या दुसऱ्याच दिवशी म्हाताऱ्यानं दादाला आपल्या खोलीत बोलावून कपाटातलं एक पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. "इसको पढ़ो," तो म्हणाला. "पढ़ नहीं सकता तो किसी से पढ़वाओ. नहीं तो तुम एक दिन फाँसी जाएगा."

दादानं ते टॉवेलात गुंडाळून घरी आणलं. गडद लाल चामड्याची बांधणी, पाठीवर उठावदार पट्ट्या, त्यांच्यामध्ये सोनेरी अक्षरं. पानांच्या कडाही सोनेरी. आत इंग्लंडच्या जुन्या राणीच्या काळातला छाप होता. माणसानं स्वतःला कसं सुधारावं, राग कसा आवरावा, वेळ कसा वापरावा, मन कसं घट्ट करावं, असलं सगळं त्यात होतं. दादाला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, पण तो ते नाकाशी धरून बराच वेळ बसला.

"बकऱ्याचं कातडं हाय," तो म्हणाला. "पर किती नाजूक कमावलंय बघ."

चामडं त्याला कळायचं. आमचे वडील बैलगाडी हाकायचे. त्यांच्या आसुडाला चामड्याची वादी होती आणि ती बैलांपेक्षा आईच्या अंगावर जास्त पडली. दादाच्या ओठांवर मिसरूड फुटत होतं तेव्हा त्यानं एकदा वडिलांचा उगारलेला हात धरला आणि मनगटातून पिरगळला. हात मोडला. त्यानंतर आईला मार बसला नाही, पण दादाच्या हाताला मोडायची चव लागली ती तिथंच, असं आई म्हणायची.

मग शाळा सुटल्यावर, आईच्या भाकरी होईपर्यंत, मी ओसरीवर बसून वाचायला लागले. एक परिच्छेद इंग्रजीत वाचायचा आणि मग आमच्या बोलीत सांगायचा. राग आला की आधी तोंड मिटावं. मूठ वळली तर ती पाठीमागे न्यावी. थंड पाण्यानं तोंड धुवावं. सकाळी उठल्यावर आज आपण कसं वागणार ते स्वतःला सांगावं. दादा मांडी घालून तालमीतल्या उस्तादापुढं बसल्यासारखा ऐकायचा. कधीकधी मला हसू यायचं. नोकरांवर आवाज चढवू नये, पाहुण्याकडे जाताना हातमोजे स्वच्छ असावेत, असंही त्यात होतं.

"हातमोजं घालून मारायचं का मग?" दादानं विचारलं, अगदी गंभीरपणे. आई चुलीपुढं हसून हसून खोकायला लागली.

एका पुस्तकावर त्याचं भागेना. साहेब लोक देश सोडून गेले होते आणि त्यांच्या बंगल्यांतलं, मेसमधलं सामान खडकीच्या बाजारात येत होतं. खुर्च्या, कंदील, हरणांची शिंगं आणि पुस्तकं. पुस्तकं रद्दीच्या भावानं वजनावर जायची. दादा रविवारी सायकल घेऊन जायचा आणि ढीग उपसायचा. नाव वाचता येत नसल्यानं तो पहिलं पुस्तक बरोबर न्यायचा आणि त्याच्या पाठीवरचे शब्द अक्षराला अक्षर लावून जुळवायचा. चामड्याची बांधणी, सोनेरी कड आणि आत तोच विषय, असं असेल तरच घ्यायचं. प्रवासवर्णनं, बायबलं, शिकारीची पुस्तकं तो बाजूला सारायचा. घरी आणलं की मी आतला मजकूर तपासायची. चुकलं असलं तर पुढच्या रविवारी परत.

डेपोतल्या फुटक्या पेट्यांच्या फळ्या मागून आणून त्यानं भिंतीला मांडणी ठोकली. पुस्तकांमागे कडुनिंबाचा पाला, कोपऱ्यात कापूर. चामडं सुकू नये म्हणून बोटाला तेल लावून तो पाठी पुसायचा, इतक्या हलक्या हातानं की त्याच हातानं जबडा मोडला होता हे खरं वाटू नये. गावातली माणसं बघायला यायची. पैलवानाच्या पोथ्या म्हणायची.

पण राग गेला नव्हता, नुसता दाबून बसला होता. एकदा डेपोत मुकादमानं सगळ्यांसमोर त्याला इंग्रज साहेब म्हणून चिडवलं. दादानं तिथं तोंड मिटलं, मूठ मागे नेली आणि तो सगळा राग तसाच सायकलवरून घरी आणला. मला शाळेत दिवसभर वह्या तपासून डोकं दुखत होतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आज नको, दादा."

त्यानं शेजारचा पितळी तांब्या उचलला आणि भिंतीवर फेकला. तो माझ्यावर नव्हता फेकला, आईवरही नाही. भिंतीवर आपटून तो उडाला आणि चुलीपाशी वाकलेल्या आईच्या कपाळावर बसला. भुवईच्या वर कातडी उघडली. रक्त तिच्या डोळ्यात गेलं, गालावरून परातीतल्या पिठात पडलं. आई ओरडली नाही. इतक्या वर्षांत तिची सवय गेली नव्हती. तिनं पदर कपाळाला लावला आणि दुसरा घाव यायची वाट बघत डोकं खाली घालून तशीच बसून राहिली.

दादानं ते बघितलं. आई त्याच्यापुढं तशी बसली होती, जशी वडिलांपुढं बसायची.

तो अंगणात गेला. आमच्या दारात जुनं जातं पडलेलं होतं. त्यावर त्यानं उजवी मूठ आपटली. पुन्हा आपटली. मी धावले, त्याच्या दंडाला लटकले, पण तो माझ्यासकट हात उचलून आपटत होता. बोटांची हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. चार घरांतली माणसं धावून आली तेव्हा त्याचा पंजा काळानिळा पडून मनगटाएवढा सुजला होता आणि जात्याचा दगड रक्तानं ओला झाला होता. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या. दोन बोटं पुढं कधी वाकली नाहीत.

त्या दिवसापासून त्यानं कुणावर हात उगारला नाही. पुस्तकांनी झालं की आईच्या बसण्यानं झालं, ते मला ठरवता आलेलं नाही. तो मात्र पुस्तकांनाच मान द्यायचा. तालीम सोडली. जत्रेच्या फडात उभा राहायला लोक बोलवायला आले, तर म्हणाला, "आता न्हाई."

ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. पैलवान आता मारत नाही. ज्यांनी त्याचा मार खाल्ला होता, त्यांना हे फार आवडलं.

खडकीच्या बाजारात एका रविवारी तो वाकड्या जबड्याचा माणूस त्याला भेटला. आता तो एका भंगारवाल्याकडे कामाला होता. दादापुढं हिरव्या चामड्याचा एक सुंदर संच पडला होता, सगळे भाग सारखे, पाठीवर सोन्याची वेल. दादा एकेक उचलून पुसत होता. त्या माणसानं शेजारी येऊन एक भाग उचलला, दोन्ही पुठ्ठे उलटे दुमडले आणि कोंबडीची मान पिरगळावी तशी पाठ मोडली. शिवण तुटून पानं खाली पडली.

"मार की आता," तो म्हणाला. जबड्यामुळं शब्द तिरके यायचे.

दादा उभा राहिला. हात पाठीमागे नेले. त्या माणसानं त्याच्या थोबाडीत मारली. मग दुसऱ्या गालावर. मग मुठीनं नाकावर. बाजार गोळा झाला. दादाच्या नाकातून रक्त शर्टावर उतरलं, लोक हसले, आणि दादा हात मागे बांधून उभाच राहिला. मारून मारून कंटाळा आल्यावर तो माणूस थुंकला आणि गेला.

दादानं पानं गोळा केली, सगळा संच घेतला आणि तिथल्याच एका म्हाताऱ्या जिल्दसाजाकडे, पुस्तकं बांधणाऱ्याकडे, नेला. मोडक्या पुस्तकांमुळं त्यांची ओळख झाली होती. त्यानं आधी दादाला पाण्याचा गडू दिला.

"पैलवान, किताब मी शिवून देईन," तो म्हणाला. "पण तुमचं नाक कोण शिवणार?"

हे घरी सांगताना दादा हसला. आई हसली नाही. मीही नाही. दादाला मारलं म्हणून राग होता, त्याहून जास्त राग त्यानं मार खाल्ला म्हणून होता. त्या संध्याकाळी मी वाचायला बसले तेव्हा पानावरचं एक वाक्य मला सांगवेना. अपमान गिळणारा माणूस तो करणाऱ्यापेक्षा मोठा असतो, अशा अर्थाचं होतं. मी ते वगळून पुढं गेले.

थंडी संपत आली होती तेव्हा ते तिघं घरी आले. दुपार होती, शाळेला सुट्टी होती. दादा अंगणात ओसरीलगत चटईवर हिरवा संच मांडून तेल लावत होता. आई दारात शेंगा फोडत होती. वाकड्या जबड्याचा माणूस पुढं, मागे त्याचे दोन चुलतभाऊ. प्यालेले होते. एकाच्या हातात काठी, एकाच्या हातात सायकलची साखळी.

"पुस्तकं बाहेर काढ सगळी," तो म्हणाला.

"घिऊन जा," दादा म्हणाला. "मांडणीवर हाईत. आईला न् भणीला हात लावू नका."

त्यांना पुस्तकं नको होती. काठी दादाच्या खांद्यावर बसली. तो चटईवर बसलेलाच होता, उठला नाही. साखळी पाठीवर पडली तेव्हा शर्ट फाटून कातडी वर आली. दादानं ओसरीचा खांब दोन्ही हातांनी धरला. मला वाटतं, हात सुटू नयेत म्हणून धरला असावा. ते लाथा घालत होते, तो खांबाला कवटाळून होता, आणि तोंडानं काहीतरी पुटपुटत होता. नंतर कळलं, मी वाचून दाखवलेलंच काहीतरी तो स्वतःला सांगत होता. आई मधे पडली, तिला एकानं ढकललं, ती पायरीवर पडली. मग वाकड्या जबड्याच्या माणसानं चुलतभावाच्या हातातली साखळी घेतली आणि दादाच्या तोंडावर मारली. तिचं टोक डोळ्यात गेलं.

दादाच्या तोंडून जो आवाज आला तो मी आजही कुणापुढं काढून दाखवू शकणार नाही.

मी आत धावले. चुलीमागे लोखंडी खलबत्ता होता. त्यातला बत्ता उचलून मी बाहेर आले. मी शाळेतली बाई, नऊवारीचा ओचा खोचलेला, अंगानं काटकुळी. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. मी त्या माणसाच्या उजव्या कोपरावर पहिला घाव घातला. कोपर उलटं वळलं. तो वळून माझ्याकडे बघेपर्यंत दुसरा घाव गळ्याच्या हाडावर बसला. तो खाली पडला. मी त्याच्या अंगावर वाकून मारत राहिले. खांद्यावर, बरगड्यांवर, जिथं लागेल तिथं. चुलतभावांनी ते बघितलं आणि ते पळाले. माझ्या अंगात इतकं बळ कधीच आलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं. तहान लागल्यावर पाणी प्यावं तसं वाटत होतं. मी बत्ता त्याच्या डोक्यावर उचलला.

तेवढ्यात मागून कुणीतरी मला मिठी मारली. दोन्ही हात अंगाला चिकटवून मला जमिनीवरून उचललं. दादा होता. त्याच्या डोळ्यातलं रक्त आणि पाणी माझ्या मानेवर ठिबकत होतं.

"बाय, बस," तो माझ्या कानाशी म्हणत होता. "बस. मरंल त्यो. तोंड मिट. श्वास घे. श्वास घे, बाय."

मी त्याला चावले. त्याच्या दंडाला चावले, सुटायला. त्यानं सोडलं नाही. बत्ता हातातून पडेपर्यंत तो मला तसाच धरून उभा होता.

गावच्या वडीलधाऱ्यांनी चावडीत बसून प्रकरण मिटवलं. त्या तिघांनी दारात शिरून मारलं होतं, आणि मी त्यांच्यातल्या एकाला जवळजवळ ठार मारलं होतं. पोलिसात कुणालाच जायचं नव्हतं. त्या माणसाचा हात कोपरातून सरळ झाला नाही. तो नंतर कुठं गेला ते मला ठाऊक नाही. शाळेत हेडमास्तरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "बाई, मुलांना छडी मारत जाऊ नका." बस्स, एवढंच. मी आधीही मारत नव्हते.

दादाला पुण्यातल्या दवाखान्यात नेलं. उजवा डोळा काढावा लागला. मी खाटेपाशी बसायची. डोक्याला पट्टी, अंगभर साखळीचे वळ. एका सकाळी मी त्याला विचारलं.

"मारलं असतंस त्याला तर डोळा राहिला असता."

"व्हय," तो म्हणाला. "राहिला असता."

"मग?"

"मग काय. त्यो मेला असता. माझ्याच्यानं मधी थांबवत न्हाई, तुला ठाऊक हाय." पट्टी सारखी करत म्हणाला, "तुझ्याच्यानंबी थांबवत न्हाई. मला न्हवतं ठाऊक."

मी खिडकीबाहेर कुणी सायकल पुसत होतं ते बघत राहिले.

"आपल्या दोघांच्यातबी बाप हाय," दादा म्हणाला. "पुस्तकं तुझ्याबी कामाची हाईत."

"ती लिहिणाऱ्यांच्या दारात कुणी साखळी घेऊन येत नव्हतं," मी म्हटलं. चिडूनच म्हटलं.

"नसंल येत," तो म्हणाला. "पर लिवलंय बराबर."

घरी आल्यावर मी पुन्हा वाचायला बसले. मनापासून नव्हे, तो ऐकायला येऊन बसला म्हणून. हिरव्या संचाच्या दोन भागांवर त्याच्या रक्ताचे डाग होते. चामड्यात मुरलेले, तेलानं निघेनात. जिल्दसाज म्हणाला, नवं कातडं चढवून देतो. दादा नको म्हणाला. आईला ते भाग मांडणीवर दिसायला नको होते, म्हणून त्यानं ते पाठ आत करून ठेवले.

उन्हाळ्यात एका रविवारी त्यानं पुन्हा खडकीला जायचं काढलं. आई रडली. मी म्हटलं, मीही येते. सायकल त्याला अजून जमत नव्हती, एका डोळ्यानं अंतर कळत नव्हतं, म्हणून आम्ही चिंचवड स्टेशनवरून गाडीनं गेलो. बाजारात पोचलो तशी माणसं त्याच्याकडे बघायला लागली. काही जण माझ्याकडेही बघत होते. त्यांनी माझ्याबद्दल ऐकलं असावं, कारण ते वाट सोडत होते.

दादा गर्दीत शिरायच्या आधी थांबला.

"माझ्या उजव्या अंगाला चाल," तो म्हणाला. "तिकडनं कोण येतंय, मला दिसत न्हाई."

मी त्याच्या उजवीकडे गेले आणि आम्ही पुस्तकांच्या ढिगाकडे चालायला लागलो.